‘फियाट गेली ते बरं झालं’ : याला उत्तर द्यायलाच हवं

गोल बोनेट

परवा इथे ‘कोरडा हिशेब’ यांनी लिहिलं की फियाट ही इटालियन मोटार कंपनी भारतात गाड्या विकायची थांबली ते बरंच झालं. जिला गिऱ्हाईक मिळत नाही तिनं दुकान आवरावं, आणि इतक्या वर्षांनंतरही तिच्या नावानं गळा काढणाऱ्यांनी सांगावं की कंपनी त्यांची मावशी लागत होती का. दोन दिवस गप्प बसलो. आज सकाळी गाडी पुसताना पुन्हा आठवलं, फडकं तसंच बादलीत टाकलं आणि वर येऊन लिहायला बसलो.

मावशी नाही लागत. पण नऊ वर्षं फियाटची पुंटो चालवतोय, ९० पीएसची (म्हणजे साधारण ९० घोड्यांची) डिझेल. तिचं स्टिअरिंग हायड्रॉलिक. हल्लीच्या गाड्यांचं स्टिअरिंग एका बोटानं फिरतं, मॉलच्या पार्किंगला छान आहे ते. पण वरंधा घाटात पावसात पुढचं चाक खडीवर चढलं की पुंटोत ते आधी हाताला कळतं, डोळ्याला नंतर. ज्यानं हे अनुभवलं नाही त्याला मी काय समजावणार? दार लावल्यावर जो भरीव ‘धप्’ होतो, तो ऐकून लिफ्टजवळच्या लोकांनी मागे वळून पाहिलंय. आकार ज्युजारो या इटालियन डिझायनरच्या स्टुडिओतला, रस्त्यावर आजही शिळा वाटत नाही.

आणि ते फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन! मारुतीच्या स्विफ्टमध्ये तेच, डिझायरमध्ये तेच, रिट्झ, टाटांच्या व्हिस्टा, मांझा, सगळीकडे तेच. ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचो आपण त्याला. इंजिन सगळ्यांचं चाललं, ज्यानं केलं तोच तेवढा चालला नाही.

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागणार हे ठाऊक होतं आणि या गाड्यांवर आता कुणी पैसा घालणार नाही हे दिसतही होतं. गाडी बंद झाली हे मी कधीच पचवलंय. राग आहे तो तुमच्या त्या मावशीवर.

कोरडा हिशेब

फडकं बादलीत टाकावं इतकं मी काही लिहिलं असेन असं वाटलं नव्हतं. असो. एकच विचारतो. तुमची पुंटो नवी घेतलेली की जुनी?

हाफ क्लच

याचा काय संबंध? @कोरडा हिशेब, मुद्द्याला उत्तर नसलं की पावत्या मागायच्या!

२०१५ मध्ये अबार्थ पुंटो आली, १४५ पीएसची हॅचबॅक. त्या पैशात त्या काळी दुसरी दाखवा. फियाटची सेदान लिनिया टी-जेट आली तेव्हा टर्बो पेट्रोल म्हणजे काय हे लोकांना समजावून सांगावं लागायचं, आज प्रत्येक कंपनी तेच विकतेय. गाड्या काळाच्या पुढे होत्या, आपण मागे होतो. आपल्याला पहिला प्रश्न सुचतो तो ‘ॲव्हरेज किती?’ आणि दुसरा ‘रीसेल काय?’. अशा देशात फियाट टिकणार कशी?

विकायची पद्धत तर विचारूच नका. २००६ पासून टाटांच्या शोरूममध्ये एका कोपऱ्यात. शेजारी त्याच इंजिनाची टाटांची मांझा, किंमत कमी. सेल्समन गिऱ्हाईकाला कुठे नेणार? स्वतःची दुकानं काढली तोवर २०१३ उजाडलं. वरातीमागून घोडं.

कोरडा हिशेब

आणि घोडं तरी कुठलं? २००९ ची गाडी २०१९ पर्यंत. ग्रांदे पुंटो, पुंटो इव्हो, पुंटो प्युअर, अव्हेंचुरा, अर्बन क्रॉस. नाटक तेच, पडदा तेवढा नवा. समोरचे लोक दर चार-पाच वर्षांनी गाडी बदलत होते.

पावतीचा संबंध सांगतो. मला आजवर भेटलेल्या दहा फियाटप्रेमींतल्या आठांनी गाडी जुनी घेतली होती. कंपनीच्या गल्ल्यात पैसे पडले ते पहिल्या मालकाचे. तुमचे गेले एजंटाला आणि गॅरेजला. टाळ्या कडकडून वाजवल्यात, मान्य. तिकीट कुणी काढलं होतं?

कुर्ल्याची गॅलरी

तुमच्या पुंटो-लिनियाच्या आधी फियाट म्हणजे एकच गाडी होती, पद्मिनी, ते सगळे विसरलात वाटतं. माझे वडील कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात होते. आमच्या पद्मिनीला पावसाळ्यात सकाळी चोक पूर्ण ओढायचा, ॲक्सिलरेटर दोनदा दाबून सोडायचा, मग किल्ली. बाबा म्हणायचे तिसऱ्यांदा दाबलंस तर रुसेल. आणि रुसायचीच! गिअर स्टिअरिंगला, त्यामुळे पुढच्या बाकावर आम्ही दोघी बहिणी बाबांच्या शेजारी. चाळीस घोड्यांचं इंजिन आणि आत आम्ही सात माणसं, महाबळेश्वर करून आलोय.

शब्दशः

दोन दुरुस्त्या. एक, पद्मिनी ही ‘प्रीमियर’ पद्मिनी. प्रीमियर कंपनी फियाटच्या परवान्यावर बनवत होती तोवर फियाट ११००. करार संपल्यावर सत्तरच्या दशकात नाव बदललं. दोन, धाग्याचा सूर ‘ब्रँड संपला’ असा आहे. संपलेला नाही. युरोपात पांडा आणि ५०० विकल्या जातात. २०२१ पासून कंपनी स्टेलांटिस या मोटार समूहात आहे. पुण्याजवळचा फियाटचा रांजणगावचा कारखानाही चालू आहे, तिथे जीप बनतात.

कुर्ल्याची गॅलरी

अहो शब्दशः, मुंबईत ‘फियाट टॅक्सी’ म्हणायचे सगळे. शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तोवर म्हणत होते. तुम्ही थांबवून त्यांना करार दाखवायला हवा होतात.

बी विंगचा सचिव

मी इथे नुसता वाचायला येतो, आज राहवेना. आमच्या सोसायटीत ४२ फ्लॅट, २८ पार्किंग. त्यातल्या एका जागेत निळ्या कव्हरखाली पाच वर्षं एक गाडी उभी आहे. कोणती? ओळखा. पुंटो! चारही टायर जमिनीला टेकलेत. खाली मांजरीनं दोनदा पिल्लं घातली. मालकांना तीन पत्रं दिली. उत्तर काय, तर ‘त्या गाडीशी भावना निगडित आहेत’. १४ फ्लॅटवाले रोज रात्री रस्त्यावर जागा शोधत फिरतात. भावनांना पार्किंग चार्ज किती लावायचा, हे तुम्हा प्रेमी मंडळींनी एकदा ठरवून द्या.

हाफ क्लच

चार्ज भरतो ना तो? मग तिथे गाडी लावेल नाहीतर पापड वाळत घालेल. तुम्हाला काय करायचंय?

बी विंगचा सचिव

पापडाला पीयूसी लागत नाही. विमा लागत नाही. पापडाखाली उंदीर येऊन शेजारच्या गाडीची वायर कुरतडत नाहीत. एकदा सचिव होऊन बघा, मग बोला.

हाफ क्लच

झालो होतो. दोन वर्षं. आमच्याकडे बंद गाडीचा त्रास शून्य होता. त्रास कुणाचा होता, तर ज्यांनी फ्लॅटमागे तीन-तीन एसयूव्ही घेतल्या त्यांचा. एक गाडी दीड जागेत, आरसा दुसऱ्याच्या दारात. त्यांना पत्र लिहायची कुणाची छाती नाही. गरीब पुंटो दिसते, तिला नोटीस! आपला तो बाळ्या…

कुर्ल्याची गॅलरी

यावर मला बोलायलाच हवं. बाबा गेल्यावर आमची पद्मिनी दोन वर्षं खाली उभी होती. सोसायटीच्या एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, विषय घेतला आणि मतदान झालं. गाडीवर! १७ विरुद्ध १४, काढून टाका. ज्या दिवशी टेम्पो आला त्या दिवशी ‘काढा’ म्हणणाऱ्यांपैकीच तिघं खाली उतरले, तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढले आणि एकानं मला विचारलं, ‘विकली कशाला? आता अशा गाड्यांना भाव आहे.’ मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बी विंगचा सचिव

ताई, तुमच्याबद्दल वाईट वाटलं. पण १७ विरुद्ध १४ म्हणजे रीतसर झालं.

कुर्ल्याची गॅलरी

रीतसर! तेच तर.

शब्दशः

डिझेल गाडी दहा वर्षांनंतर भंगारातच काढावी लागते ना? मग निळ्या कव्हरचा प्रश्न आपोआप सुटेल.

बोनेटखालचा

दुसऱ्यांना दुरुस्त करता, आता स्वतःचं ऐका. दहा वर्षांचं ते दिल्लीकडे. आपल्याकडे १५ वर्षांनी आरटीओत पुन्हा पासिंग, पाच वर्षांसाठी, वर हरित कर. फी आधी ६०० होती, एप्रिल २०२२ पासून ५००० झाली. पोटात गोळा येतो, पण गाडी चालते.

बावीस वर्षं गॅरेज चालवतोय. इथे सगळे इंजिनाचं कौतुक करताय, इंजिनाचा प्रश्नच नाही. इतक्या गाड्यांत तेच असल्यामुळे फिल्टर, इंजेक्टर, टायमिंग चेन, सगळं बाजारात मिळतं. अडतं ते पत्र्याला आणि काचेला. बंपर, हेडलाइट, दाराचं हँडल. गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक आलं. दुसऱ्या एका वर्कशॉपनं तीन आठवडे गाडी ठेवून घेतली होती, ‘इलेक्ट्रिकलचा मोठा फॉल्ट आहे’ म्हणून. काय निघालं? टेललाइटच्या सॉकेटमध्ये गंज. पॉलिश पेपरनं घासला, लागली. त्या माणसानं लहान मुलासारखे हात जोडले. बरं, त्यांच्याकडेही पार्ट नव्हता, मग काहीतरी सांगायला नको?

गोल बोनेट

दिवसभर कामात होतो, इथे तर एजीएम भरलेली दिसतेय.

कोरडा हिशेब, घ्या उत्तर. जुनी घेतली. ४१ हजार किलोमीटर झालेली, दुसरा मालक मी. आणि अजून हवं असेल तर तेही घ्या: २०११ मध्ये नवी गाडी घेतली तेव्हा पुंटोची टेस्ट ड्राइव्ह दोनदा मारली आणि शेवटी घेतली स्विफ्ट. सासरे म्हणाले, रीसेल बघा. इंजिन तेच होतं म्हणा, परवान्याचे चार पैसे माझ्याकडून तुरीनला, फियाटच्या माहेरी, पोचले असतील. झालं समाधान?

पण म्हणून मला वाईट वाटायचा हक्क नाही, हे कुठल्या कायद्यात बसतं?

कोरडा हिशेब

हक्क आहे. माझं एवढं ऐकून घ्या.

मी नवी घेतली होती. फियाट नव्हे, अशीच एक गाशा गुंडाळून गेलेली. नाव घेत नाही, उगाच इथे दुसरा धागा सुरू होईल. शोरूममध्ये नारळ फोडला, आईनं बोनेटवर स्वस्तिक काढलं, पूर्ण किंमत मोजली. अकरा महिन्यांनी सकाळी पेपरात बातमी. त्या संध्याकाळी विकत घेणाऱ्या एजंटानं फोनवर जो आकडा सांगितला, तो मी बायकोला रात्री उशिरा सांगितला. ती काही बोलली नाही, फक्त हप्ते किती उरलेत ते विचारलं. एकावन्न उरले होते.

मी पडत्या भावानं विकली. कुणीतरी स्वस्तात घेतली, आता तो माणूसही कुठेतरी स्टिअरिंगचं कौतुक लिहीत असेल. तुमच्या पुंटोचा पहिला मालक कोण होता, कधी विचारलंत? तो असा धागा काढणार नाही. तो दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्ये जाऊन रीसेल विचारत असेल, आणि हाफ क्लच त्यालाच मागासलेला म्हणणार.

हाफ क्लच

तुम्हाला उद्देशून नव्हतं ते.

कोरडा हिशेब

मलाच होतं. नाव माहीत नव्हतं एवढंच.

हाफ क्लच

बरं. रीसेल विचारणाऱ्यांबद्दलचं वाक्य मागे. मांझाबद्दलचं नाही.

गोल बोनेट

पहिल्या मालकाला मी एकदाच भेटलो, कागदांवर सह्या करताना. डिकीत त्यांच्या मुलीची एक चप्पल राहिली होती, ती द्यायला फोन केला तर म्हणाले राहू दे. तेव्हा मला ते फक्त विचित्र वाटलं होतं.

मावशीवाला शब्द तुम्ही मागे घेणार आहात का?

कोरडा हिशेब

नाही. पण तुम्हाला म्हटलं नव्हतं असं समजा.

बोनेटखालचा

मिटलं असेल तर कामाचं बोलू. कुणाकडे पुंटोचा डावा टेललाइट आहे का? वर सांगितलेल्या गिऱ्हाइकाची काच तडकलीय, घासून सॉकेट लागलं, काच काही घासून लागत नाही.

गोल बोनेट

@बी विंगचा सचिव, त्या निळ्या कव्हरखालच्या गाडीचा डावा शाबूत आहे का हो?

बी विंगचा सचिव

आत्ता टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. उजवा मुलांच्या क्रिकेटमध्ये फुटलाय, डावा चांगला आहे. मालक मुलाकडे गेलेत, फोन लावला. म्हणाले, एकेक पार्ट काढून गाडीची विटंबना करू देणार नाही. नीट सांभाळणारा कुणी असेल तर अख्खी फुकट न्या म्हणतात. गोल बोनेट, तुम्ही इतकं लिहिलंय, या रविवारी घेऊन जा. टेम्पोचं भाडं सोसायटी देईल, हा ठराव मी एकट्यानं मंजूर करतो.

गोल बोनेट

न्यायला आनंदानं नेली असती हो. ठेवू कुठे? आमच्याकडे फ्लॅटमागे एकच पार्किंग आहे.