केबलवाल्याचं नेट की मोठ्या कंपनीचं? माझं मत केबलवाल्याला

भांडुपकर_७८:
गेल्या महिन्यात मोठ्या कंपनीचं कनेक्शन बंद करून गल्लीतल्या केबलवाल्याचं नेट घेतलं, तेव्हापासून ऑफिसात जो तो मला येड्यात काढतोय म्हणून इथे लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही. पण पाच दिवस डब्यावर लाल लाइट, रोज कस्टमर केअरला फोन, रोज "कम्प्लेंट दर्ज हो गई है", आणि माणूस म्हणून एक फिरकला नाही. इथे केबलवाल्याच्या पोऱ्याला संध्याकाळी सातला फोन केला तर साडेसातला शिडी घेऊन दारात. १०० एमबीपीएस, महिना ५००, जीएसटी धरून ५९०. लोक उगाच नावाला भुलतात राव.

रात्रपाळी:
दादा, एक महिना झालाय फक्त, थांबा जरा. मी रात्री अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर काम करतो आणि दोन वर्षं असलंच लोकल नेट वापरलंय. दिवसा सुसाट, रात्री नऊ वाजले की रडगाणं. एका जीपॉन लाइनवर (म्हणजे बऱ्याच घरांत मिळून असलेली फायबरची लाइन) साधारण अडीच जीबीपीएस, म्हणजे अडीच हजार एमबीपीएस येतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, म्हणजे ६४ घरं एकदम बसली तर वाट्याला चाळीसच्या आत. तुमचे १०० कुठे गेले? आणि स्पीड टेस्ट मारून खूश होऊ नका, तिचा सर्व्हर बहुतेक वेळा जवळपासचाच असतो. यूट्यूबचंही तेच, प्रोव्हायडरकडे गूगलचा कॅशे (व्हिडिओंचा जवळच ठेवलेला साठा) असेल तर व्हिडिओ पळतात आणि ऑफिसचा व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) मात्र मान टाकतो, कारण तो बाहेर जातो आणि बाहेरची बँडविड्थ हे लोक मोजून मापून विकत घेतात.

भांडुपकर_७८:
६४ जण एकाच सेकंदाला डाउनलोड करत नाहीत हो. आणि मोठ्या कंपन्या काय घरटी वेगळी लाइन टाकतात काय, एक लाइन घराघरांत वाटणारा स्प्लिटर त्यांच्याकडे पण असतोच.

रात्रपाळी:
असतो, पण पुढचा पाइप मोठा असतो. माझा मुद्दा तोच आहे.

चारकोपची_मावशी:
मला ते पॉन बिन कळत नाही, पण एक सांगते, वर्षाचे पैसे एकदम भरू नका. आमच्या केबलवाल्याने "बारा महिने भरा, दोन फ्री" म्हणून घेतले आणि चौथ्या महिन्यात त्याचं वरच्या कंपनीशी बिनसलं. हा म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते तुमच्या ऑपरेटरला विचारा. पावती म्हणून हातात काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा. केबलवाला हा बऱ्याचदा कंपनी नसतोच, कुणाचा तरी फ्रँचायझी असतो, हे मला पैसे बुडाल्यावर समजलं. लायसन्स कुणाच्या नावावर आहे ते आधी विचारा आणि बिल त्याच नावाचं मागा, म्हणजे तक्रार कुणाकडे करायची ते तरी कळेल. पुढे अपिलाची सोय असते, पण ट्रायकडे, म्हणजे दूरसंचारच्या सरकारी नियामकाकडे, एकट्या माणसाची तक्रार ते घेत नाहीत, मी करून बघितली.

लालबागचा_चाळकरी:
तुमचं सगळं वाचून हसू आलं. आमच्या चाळीत मोठ्या कंपनीचा माणूस खालूनच बघून गेला, "फीजिबल नाही". झालं. केबलवाल्याने गच्चीवरून गच्चीवर वायर फेकून एका दुपारी चालू करून दिलं. चॉइस ज्याच्याकडे असतो त्याने वाद घालावा.

रात्रपाळी:
ती वायर पावसाळ्यात टिकते का पण?

लालबागचा_चाळकरी:
मागच्या जुलैत दोनदा तुटली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी जोडली. पतंगाच्या मांज्याने तुटली ती वेगळी.

इन्व्हर्टर_इन_मुलुंड:
किंमत सगळे विचारतात, वायर कसली ते कुणीच विचारत नाही. घरात फायबर येतंय की बिल्डिंगच्या डब्यातून लॅनची तांब्याची वायर? लॅन असेल तर जिन्यातला नाहीतर गच्चीवरचा स्विच बिल्डिंगच्या लाइटवर चालतो, लाइट गेली की तो मेला, मग तुमच्या घरच्या इन्व्हर्टरवर राउटर जिवंत असून उपयोग शून्य. फायबरचा स्प्लिटर विजेशिवाय चालतो, त्यामुळे घरातला डबा आणि राउटर इन्व्हर्टरवर टाकला आणि पलीकडे ऑपरेटरचा बॅकअप असला की काम भागतं. दुसरं, घरी कॅमेरे असतील आणि गावाहून बघायचे असतील तर पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुमच्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता, देतो का विचारा. छोटे लोक शेकडो घरांना एका आयपीमागे बसवतात आणि मग बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत थेट पोचता येत नाही. (मोठेही हेच करतात, पण तिथे विचारायला माणूसच सापडत नाही.)

जुना_डायलअप:
१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने आपल्याकडे सगळ्यांसाठी इंटरनेट चालू केलं, तेव्हा लाइन लागली तरी पेढे वाटावेसे वाटायचे. आता समुद्राखालच्या केबली वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात आणि मी अंधेरीत बसून गोल फिरणारं चक्र बघतो. माझं म्हणणं एवढंच, दोन घ्या. एक लोकल, एक मोठं, दोन्ही सगळ्यात स्वस्त प्लॅनचे. २०२० मध्ये जिओने ३९९ मध्ये ३० एमबीपीएस दिलं तेव्हापासून खालच्या प्लॅनला कोणी हसत नाही, घरात दोन माणसं असतील तर ३० पुरतात.

चारकोपची_मावशी:
दोनाचे पैसे कोण भरणार, तुम्ही?

रात्रपाळी:
मी घेतलीयेत दोन. पहिला एक वर्ष मस्त गेलं. मग एका रात्री दोन्हीवर लाल लाइट, ऐन कॉलच्या मधोमध. सकाळी बघितलं तर दोघांच्या वायरी एकाच शाफ्टमधून वर आलेल्या आणि उंदराने दोन्ही एकाच जागी कुरतडलेल्या. जोडायला पहिला कोण आला सांगायला नको, हे भांडुपकरांच्या बाजूने धरा हवं तर. व्हीपीएनचं मत तेच आहे माझं.

भांडुपकर_७८:
धरलं. आमच्याकडे शाफ्टची चावी सेक्रेटरीकडे असते आणि ते गावी गेलेत, रविवारी आले की उघडून बघतो.