२२ पैकी २० क्रेडिट, वर्ष गेलं का?

रत्नांग्री_बाबा: मुलगी बीएस्सी पहिल्या वर्षाला, रत्नागिरीत. पहिल्या सेमला २० क्रेडिटच दिसतायत. क्रेडिट म्हणजे गुण की तास?

दापोलीकर: तास. थिअरीचे १५ म्हणजे १ क्रेडिट, प्रॅक्टिकलला ३०. म्हणून २ क्रेडिटची लॅब ६० तास खाते! विषय राहिला की त्याची क्रेडिटं शून्य, अर्धीमुर्धी मिळत नाहीत. तिचा २ क्रेडिटचा एखादा विषय राहिला असेल. मार्कशीट बघा, केटीचा, म्हणजे राहिलेल्या विषयाच्या फेरपरीक्षेचा फॉर्म वेळेत भरा.

कुडाळचो_मास्तर: बाबानू, नुसती बेरीज बघू नका. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ लागतात, पण मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेचा निवडलेला विषय) प्रत्येकाचा कोटा वेगळा. इकडचं जास्तीचं तिकडे चालत नाही. आणि एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटं जमा होतात त्या सरकारी ऑनलाइन खात्याचा नंबर, तपासा. आधारवरचं नाव जुळलं नाही तर क्रेडिटं अडकतात.