विंग, पंख, पाख : कुठे कोणता शब्द?

प्रश्न

'विंग'ला 'पंख' हा एकच मराठी शब्द सगळीकडे चालेल का? पक्ष्याचा आणि विमानाचा पंख समजतो. पण रंगमंचाची विंग, सोसायटीची बी विंग, राजकीय पक्षाची महिला विंग यांचे काय करायचे? शिवाय 'विंगेत' लिहायचे की 'विंगमध्ये'?

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची बरीच उत्तरे त्यातच आहेत. रंगभूमीवर 'विंग', म्हणजे मंचाच्या बाजूचा उभा आडोसा आणि त्यामागची जागा, पूर्ण मराठी झाली आहे. स्त्रीलिंगी शब्द, 'वीट'च्या चालीवर चालतो. वीट, विटा, विटेत. तसेच विंग, विंगा, विंगेत. 'विंगेतून आवाज आला' हे कोणाला खटकत नाही. सोसायटीची विंग मात्र अजून अर्ध्या वाटेवर आहे. तिथे 'बी विंगमध्ये', 'बी विंगला पाणी नाही' असेच ऐकू येते आणि 'बी विंगेत' म्हटले की कानाला नाटकाचा वास येतो. म्हणून नाटकाबद्दल लिहिताना सामान्यरूप करावे, इमारतीबद्दल लिहिताना शब्द तसाच ठेवून प्रत्यय लावावा. दोन्ही बरोबर आहे.

रंगमंचाच्या विंगेसाठी काही जण संस्कृतातून 'नेपथ्य' आणतात. संस्कृत नाटकात 'नेपथ्ये' अशी सूचना आली की बोलणारा पडद्याआड आहे असे समजायचे. आज मराठीत नेपथ्य म्हणजे मंचावर उभारलेले घर, दार, खिडकी, झाड. 'नायक नेपथ्यात उभा आहे' असे लिहिले तर वाचणाऱ्याला तो सोफ्याजवळ उभा दिसेल. 'विंगेत उभा आहे' हेच लिहा.

आणखी एक सूचना. संहितेत 'उजव्या विंगेतून प्रवेश' एवढेच लिहू नये. नटाची उजवी बाजू ही प्रेक्षकांची डावी. संहितेच्या पहिल्या पानावरच 'उजवी-डावी प्रेक्षकांच्या बाजूने' किंवा 'नटाच्या बाजूने' असे स्पष्ट करावे. विंगा मोजताना प्रेक्षकांच्या जवळची पहिली, तिच्या मागची दुसरी. विंग अरुंद असली किंवा चुकीच्या कोनात लावली की पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेल्या माणसाला आत थांबलेला नट दिसतो. प्रयोगाआधी त्या टोकाच्या खुर्चीवर बसून बघावे आणि विंग थोडी आत सरकवावी किंवा फिरवावी.

प्रतिसाद

वरच्या व्याकरणात एक भर. 'पंख' आणि 'पंखा' यांच्या सामान्यरूपात फार गोंधळ होतो.

पंख : पंखाचा, पंखाखाली, पंखांनी.
पंखा : पंख्याचा, पंख्याखाली, पंख्यांनी.

'विमानाच्या पंख्याखाली इंजिन बसवलेले असते' असे लिहिले तर अर्थच बदलतो. तिथे 'पंखाखाली' हवे. 'पक्षांची किलबिल' ही याच जातीची चूक. पक्ष, पक्षांची, पक्षी, पक्ष्यांची. एवढा एक 'य' गेला की झाडावर राजकीय पक्ष किलबिलाट करू लागतात.

छताच्या पंख्याला पंख नसतात, पाती असतात. हेलिकॉप्टरला आणि पवनचक्कीलाही पातीच. खांद्यामागच्या चपट्या हाडालाही खांद्याचे पातेच म्हणतात.

प्रतिसाद

पक्ष्यांच्या बाबतीत हिंदीचा परिणाम सांभाळायला हवा. हिंदीत 'पंख' हा शब्द पिसालाही चालतो, मराठीत चालत नाही. पंख म्हणजे आख्खा अवयव. त्यावर येते ते पीस, अनेकवचन पिसे. 'मोराचा पंख वहीत ठेवला' हे मराठी नाही, 'मोरपीस वहीत ठेवले' हे मराठी.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते कुक्कुटपालनाच्या माहितीपत्रकात कळते. कोंबडी कुंपणावरून उडू नये म्हणून जे करतात, त्याला 'पंख छाटणे' असे लिहिले तर नवखा माणूस मांसाला कात्री लावेल. तिथे 'एका पंखाची लांब पिसे कापणे' असेच लिहावे. पंख पसरायचा आणि टोकाकडची उडण्याची लांब पिसे, त्यांच्यावरच्या आखूड पिसांची रांग संपते तिथून थोडी खाली कापायची. फक्त एकाच बाजूची. दोन्ही बाजूंची कापली तर तोल राहतो आणि कोंबडी थोडीफार उडते. एकाच बाजूची कापली की उडी घेताच तोल जातो. नव्याने येणाऱ्या पिसाच्या दांडीत रक्त असते, ती गडद दिसते. असे पीस कापले तर रक्त वाहते, म्हणून ते सोडून द्यायचे. जुनी पिसे झडून नवी आली की कोंबडी पुन्हा उडते, तेव्हा काम पुन्हा करावे लागते. 'पंख छाटले' हा शब्दप्रयोग एखाद्या अधिकाऱ्याचे अधिकार कमी केले तर वापरावा, तिथे तो चपखल आहे.

पुन्हा विचारतो

मग इमारतीच्या विंगेला मराठी शब्दच नाही का? 'पूर्व दालन' असे वाचले आहे.

प्रतिसाद

दालन ही एक खोली किंवा दिवाणखाना. विंगेत जिना, लिफ्ट, वीस-पंचवीस घरे असतात. राजवाड्याबद्दल लिहीत असाल तर 'पूर्वेकडची बाजू' किंवा 'पूर्वेकडचा भाग' पुरे.

पण घराला पंख नव्हते असे मात्र नाही. संस्कृत 'पक्ष', त्याचे प्राकृत 'पक्ख', आणि हात, सात यांच्याप्रमाणे जोडाक्षर जाऊन स्वर लांबला की 'पाख'. पाख म्हणजे छपराची एक उतरती बाजू. आढ्यापासून, म्हणजे छपराच्या सर्वांत उंच तुळईपासून, दोन बाजूंना उतार असला की दुपाखी घर, चारही बाजूंना असला की चौपाखी. आढे म्हणजे पक्ष्याची पाठ आणि पाखे म्हणजे पसरलेले पंख, इतके ते चित्र स्वच्छ आहे. दुपाखी घराच्या दोन टोकांच्या भिंती आढ्यापर्यंत त्रिकोणी उघड्या राहतात. पावसाची झड थेट त्यांच्यावर येते, म्हणून कोकणात त्या बाजूंना झापे, म्हणजे विणलेल्या झावळ्या, बांधतात. चौपाखीत हा त्रास कमी, पण पाखे जिथे एकमेकांना मिळतात तिथली कौले नीट बसवावी लागतात. जुन्या घराचे वर्णन करताना 'उतरते छप्पर' न लिहिता 'दुपाखी' किंवा 'चौपाखी' लिहा, म्हणजे घर डोळ्यांपुढे उभे राहते.

प्रतिसाद

राजकारणाचे राहिले. 'पक्ष' हा शब्द मुळात पंख आणि बाजू या दोन्ही अर्थांचा. त्यातूनच शुक्लपक्ष, वरपक्ष, पूर्वपक्ष, पक्षाघात. भाद्रपदात 'नवमीला आमच्याकडे पक्ष आहे' म्हणजे श्राद्ध. पण 'पक्ष' संपूर्ण संघटनेलाच दिल्यामुळे तिच्या विंगेला तो परत देता येत नाही, म्हणून 'आघाडी' आली : महिला आघाडी, युवा आघाडी. अडचण एवढीच की अनेक पक्षांच्या युतीलाही आघाडीच म्हणतात. बातमीत दोन्ही आल्या तर एकीला 'महिला शाखा' करावे.

'लेफ्ट विंग'चे मूळ १७८९च्या फ्रान्समधल्या सभेत, अध्यक्षांच्या डाव्या-उजव्या हाताला बसण्यात आहे. मराठीत नुसते 'डावे' पुरते. 'डावी आघाडी' मात्र लिहू नका, ते पश्चिम बंगालमधल्या एका विशिष्ट आघाडीचे नाव आहे. एकाच पक्षातले असतील तर 'पक्षातला डावा गट'.

हवाई दलातला विंग कमांडर तसाच ठेवावा, ते पदाचे नाव आहे. हॉकी-फुटबॉलची विंगही तशीच.

प्रतिसाद

वनस्पतींकडे कोणी वळले नाही. पंख असलेल्या फळाला शास्त्रीय मराठीत 'सपक्ष फळ' म्हणतात. 'पक्ष'चा जुना अर्थ तिथे अजून जिवंत आहे. ऐनाच्या फळाला पाच पंख असतात. वावळाचे फळ म्हणजे मध्ये बी आणि भोवती गोल, कागदासारखा पंख. घरात बघायचे असेल तर शेवग्याची झाडावर वाळलेली शेंग उकला : प्रत्येक काळपट बीला तीन पातळ, पांढरट पंख दिसतील. कोवळ्या शेंगेत ते कळत नाहीत.

प्रश्नकर्ता

आभार. एकच राहिले. 'अंडर हिज विंग'ला 'पंखाखाली घेतले' चालेल ना?

प्रतिसाद

चालेल, रूढ आहे. आई-आजीबद्दल असेल तर 'मायेची पाखर घातली' लिहा. मोठ्या गायकाने होतकरू शिष्याला हाताशी धरले असेल तर 'पंखाखाली घेतले' बरे.