ट्रिपल वन ब्रिगेड स्वतःहून बंड करत नाही

काही जण म्हणतात की पाकिस्तानात सरकार पाडायचं ते तिथल्या लष्कराची १११ (ट्रिपल वन) ब्रिगेडच ठरवते, हे मला पटत नाही. ही ब्रिगेड रावळपिंडीच्या दहाव्या कोअरच्या (लष्कराच्या मोठ्या विभागाच्या) हाताखाली, हुकूम वरून येतो, फक्त इस्लामाबाद हाकेच्या अंतरावर आणि राष्ट्रपती-पंतप्रधानांच्या घरांचा पहाराही यांच्याकडेच, म्हणून दरवेळी नाव यांचं येतं. १२ ऑक्टोबर १९९९ च्या लष्करी बंडात खरी झटापट टीव्ही स्टेशनवर झाली. लष्करप्रमुख मुशर्रफना पंतप्रधानांनी काढल्याची बातमी लागली तशी लष्कराची एक तुकडी आत शिरली, तिला पंतप्रधानांच्या मिलिटरी सेक्रेटरीने चक्क नि:शस्त्र केलं, मग जादा जवान बंद गेटवरून चढून आत उतरले, तो फोटो आठवत असेल. मुशर्रफ पहाटे तीनच्या सुमारास पडद्यावर आले. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, ते हेच.