पायताण मिलानला गेलं, मग जीआयचा उपयोग काय?

सुभाषनगरकर: जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखं अंगठ्याचं पायताण दाखवलं. कोल्हापूरचं नाव नाही. ओरड झाल्यावर प्रेरणा इथली असल्याची कबुली दिली. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून २०१९ पासून जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाच्या नावाची कायदेशीर नोंद, आहे की आपल्याकडं! युरोपशी व्यापाराचं बोलताना सरकारनं आधी हे ठणकावून मांडायला पाहिजे.

पेठेतला वकील: पटत नाही. जीआय नावाला असतं, आकाराला नव्हे. त्यांनी ‘कोल्हापुरी’ म्हणून विकलंच नव्हतं. शिवाय आपला १९९९ चा कायदा देशाच्या हद्दीपुरता. मुंबई उच्च न्यायालयानं प्राडाविरुद्धची जनहित याचिका फेटाळली तीही यासाठीच, की दाद मागायचा हक्क नोंदणीधारकाचा, म्हणजे लिडकॉम आणि लिडकर या महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांचा.

सुभाषनगरकर: वकीलसाहेब, तिकडं नोंदणी करायची कुठं? हस्तकलेच्या वस्तूंसाठी अख्ख्या युरोपीय संघाची नोंदणी सुरूच झाली १ डिसेंबर २०२५ ला. ट्रिप्स या जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारात वाईनला कलम २३ चं जादा कवच. आमच्या चपलेला कलम २२, म्हणजे गिऱ्हाईक फसलं हे आम्हीच सिद्ध करायचं. हा पंक्तिप्रपंच मोडायलाच हवा.

निर्यातवाला: भांडून पोट भरत नाही, दादा. डिसेंबरात प्राडाचा लिडकॉम-लिडकरशी करार झाला, दोन हजार जोड्या इथंच बनवायच्या. जोडी साधारण आठशे युरोला.

सुभाषनगरकर: त्यातलं तळ शिवणाऱ्याच्या हातात किती पडणार, तेवढं सांगा.

चर्मकाराची सून: माझे सासरे बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कातडं आठवडेच्या आठवडे मुरवायचे. तळ वादीनं शिवायचे, एक खिळा नाही. परवा इथल्याच बाजारात ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून एक जोडी दाखवली. कडेला नख लावलं तर रेक्झिनचा पापुद्रा सुटला, आत पुठ्ठा. दुकानदार म्हणाला, “ताई, गिऱ्हाईक हेच मागतंय.” खोटा जीआय लावून विकलं तर कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. मिलानचं नंतर बघू, आधी हे बंद करा.

पेठेतला वकील: ताई, हे शंभर टक्के खरं. पण तक्रार टिकायला अस्सल माल कुणाचा, याची नोंद पाहिजे. किती कारागीर ‘अधिकृत वापरकर्ता’, म्हणजे जीआयचं नाव लावायचा हक्क असलेले, म्हणून नोंदलेत आपल्या आळीत?

चर्मकाराची सून: आमच्याच घरात कुणी नाही. अर्ज भरून देणार असाल तर रविवारी या. आळीतली बाकीची घरं मी गोळा करते.