हुमणाचं वाटप मिक्सरवर गंधासारखं का होत नाही?

म्हापशेकार
बांगड्याचं हुमण (खोबऱ्याच्या वाटपातली मासळीची आमटी) करताना एका नारळाचं खोबरं, ब्याडगी मिरच्या, धणे, हळद, चिंच असं सगळं एकदम मिक्सरच्या मोठ्या भांड्यात घालतो, वर पेलाभर पाणी आणि चारेक मिनिटं फिरवतो. तरी वाटप बोटाला चरचरीत लागतं. रस दहा-पंधरा मिनिटं उकळला की फाटतो : वर तेल, मधे पाणी, तळाला चोथा. मिक्सर ७५० वॅटचा आहे, पाती नवी आहेत. टेबलटॉप ग्राइंडर घेऊ का? आणि तिरफळं (मासळीत घालतात तो वासाचा मसाला) वाटपातच घालायची की वेगळी?

आदोळी
मिक्सरात दोष नाही. क्रम आणि पाणी, दोन्ही चुकतंय.

रगडो (वाटायचा दगड) चिरडतो, मिक्सर कापतो. पेलाभर पाणी आधीच ओतलं की खोबऱ्याचे कण पाण्यात तरंगतात आणि पात्यापासून लांब पळतात. मग चार मिनिटं फिरवा नाहीतर दहा, फरक पडत नाही, भांडं तेवढं गरम होतं. मोठ्या भांड्यात एका नारळाचं खोबरं कडेला उडून चिकटतं, पातं मोकळंच फिरतं. चटणीचं छोटं भांडं घ्या आणि खोबरं दोन वेळा वाटा.

पाच-सहा मध्यम बांगड्यांना खवलेलं खोबरं दीड वाटी, ब्याडगी आठ-दहा, धणे एक मोठा चमचा, मिरी चार-पाच दाणे, हळद अर्धा लहान चमचा, चिंच सुपारीएवढी. आणि एक लहान चमचा तांदूळ, अर्धा तास भिजवलेले. हे तांदूळ विसरू नका, रस धरून ठेवायचं काम तेच करतात.

मिरच्या देठ काढून कढत पाण्यात वीस मिनिटं भिजत घाला. साल कडक राहिली तर ती कधीच बारीक होत नाही, आणि बोटाला लागतं ते बहुधा खोबरं नसतंच, मिरचीची साल आणि धण्याची टरफलं असतात. म्हणून आधी धणे-मिरी कोरडेच फिरवून पूड करा. मग मिरच्या, चिंच, तांदूळ, हळद आणि मिरच्यांचंच दोन-तीन चमचे पाणी घालून गुळगुळीत करा. याच्यावर खोबरं, पाणी चमच्या-चमच्याने, पातं अडणार नाही इतकंच. वाटप पात्याभोवती जडपणे वळत राहायला हवं, उसळता कामा नये. मिनिटभर फिरवा, थांबा, कडा खाली ओढा, परत. शेवटी दोन बोटांत चोळून बघा. एकही कण लागला नाही की अर्धी वाटी पाणी घालून एकदाच फिरवा. भांडं विसळलेलं पाणी टाकू नका, रस सैल करायला तेच.

खोबरं खवताना करवंटीजवळचा तपकिरी भाग येऊ देऊ नका. त्याने रंगही मळतो आणि कणही राहतात.

काणकोणचो
वरच्या वाटपाशी सहमत, तांदळाशी नाही. नारळ जून आणि ताजा असेल तर तांदळाची गरज नाही, रस पिठूळ लागतो. कोवळ्या नारळात पाणी जास्त, तिथे ठीक.

फाटण्याचं मुख्य कारण आंबट आणि उकळी. खोबऱ्याची चरबी पाण्यात मिसळून धरणारी प्रथिनं जास्त तापली की गोठतात, आंबटाने आणखी लवकर. तेव्हा वाटप, मीठ आणि पाणी मंद-मध्यम आचेवर ठेवा, झाकण नको, बारीक बुडबुडे येतील इतकंच. सहा-सात मिनिटांत मिरचीचा कच्चा वास जातो. मग बांगडे सोडा, पाच-सहा मिनिटं पुरे. डाव घालून ढवळू नका, भांडं धरून हलवा, नाहीतर मासळी मोडते. सोलां (आमसुलं) चार-पाच, अगदी शेवटी, आणि लगेच गॅस बंद. चिंच आणि सोलां दोन्ही घालणार असाल तर चिंच निम्मी करा. सोलांना मीठ लावलेलं असतं, म्हणून रसाची चव सोलांनंतरच घ्या आणि मग मीठ वाढवा.

वर लाल तवंग आला तर घाबरू नका, तो यायलाच हवा. खाली पाणी वेगळं पडलं तरच फाटला म्हणायचं.

तिरफळं वाटपात मुळीच नकोत, वाटली की कडू होतात. काळं बी काढून टाका, फक्त टरफल घ्या. सुकी आठ-दहा पुरतात, जरा ठेचून कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायची आणि पाण्यासकट रसात, मासळीच्या आधी. तिरफळ घातलं की बहुतेक घरांत कांदा घालत नाहीत आणि तेच बरं, दोघांचे वास भांडतात. बांगडा आणि तारल्यांना तिरफळ हवंच, सुंगटांना (कोळंबीला) नको.

मिरचीचं म्हणाल तर नुसत्या ब्याडगीने रंग येतो, तिखट येत नाही. सहा ब्याडगी आणि तीन खोल्याच्या (काणकोणातल्या खोला गावच्या) मिरच्या करून बघा. भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून खोल्याच्या नावावर बाजारात काहीही विकतात, ओळखीच्या बाईकडूनच घ्या.

म्हापशेकार
खोबरं आदल्या दिवशी खवून फ्रीजमध्ये ठेवतो. त्याचाही संबंध आहे का?

आदोळी
आहे तर! खोबऱ्याची चरबी २४ अंशांच्या आसपास घट्ट होते. गार खोबरं तसंच मिक्सरला लावलं की चरबीचे पांढरे गोळे होतात, आणि पुढे गॅसवर तेच आधी वितळून वर येतात. अर्धा तास बाहेर ठेवा, वाटताना पाणी कोमट घ्या, कढत नको. फ्रीझरमधलं असेल तर पूर्ण सुटू द्या. ते थोडं कोरडं झालेलं असतं, म्हणून दोन चमचे पाणी जास्त. वास खवट येत असेल तर टाकून द्या, मसाल्याने तो झाकला जात नाही.

आज फाटलेला रस तसाच असेल तर मासळी बाजूला काढा, रस निववा, एक चमचा तांदळाचं पीठ पाण्यात कालवून रसासोबत मिक्सरमध्ये अर्धा मिनिट फिरवा आणि उकळी न आणता गरम करा. पूर्ण पहिल्यासारखा होत नाही, पण जेवणात चालतो. गरम रस मात्र बंद भांड्यात फिरवू नका, वाफेने झाकण उडतं.

रगडो_ते_ग्राइंडर
ग्राइंडर फक्त हुमणासाठी घेऊ नका. दोन लिटरच्या ड्रममध्ये दीड वाटी खोबरं कडेला पसरून बसतं, दगडाखाली येतच नाही. निदान दोन-तीन नारळांचं वाटप एकदम करणार असाल, किंवा सान्नां-इडलीचं पीठ नेहमी लागत असेल, तरच पैसे वसूल. त्यात वाटायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि धुणं वेगळंच. चव मात्र बरी येते हे खरं, वाटप तापत नाही आणि खोबरं चिरडलं जातं.

मिक्सर सलग चार मिनिटं चालवू नका. मिनिटभर चालू, अर्धा मिनिट बंद. जाड वाटपाने मोटरवर ताण येतो, आणि भांड्याच्या तळाचं रबर गेलं तर खालून तेलकट पाणी झिरपतं, तेही बघून घ्या.

काणकोणचो
भांड्याचं राहिलं. ॲल्युमिनियमचं टोप नको, चिंच-सोलांनी धातूची चव उतरते. मातीचं असेल तर गॅस दोन मिनिटं आधी बंद करा, माती उष्णता धरून ठेवते आणि रस खाली उतरवल्यावरही उकळत राहतो. सोलां तेव्हाच घाला.