एकट्याने खेळायचं तर नेट कशाला? पीसी गेमिंगचे तुमचे अनुभव

रानवाट

काल भाचा माझ्या पीसीवर खेळत होता. मध्येच नेट गेलं आणि खेळ थेट बंद होऊन मेनूवर आला. गाड्यांची शर्यत, तीही कॉम्प्युटरविरुद्ध, खेळात दुसरं माणूस नाही. "मामा, मी एकटाच खेळतोय ना, मग नेट कशाला लागतं?" मला त्याला पटेल असं उत्तर देता येईना. खरं उत्तर एवढंच, की कंपनीला तसं हवंय.

तेव्हापासून जुनं सगळं डोक्यात घोळतंय. पुठ्ठ्याचा खोका, आत सीडी, आणि इन्स्टॉल होईपर्यंत वाचून संपणारी पुस्तिका. कव्हरच्या मागे छापलेला की-नंबर. एका खेळाचा तो नंबर मला अजून पाठ आहे. सीडी मित्राकडे जायची, त्याच्या भावाकडे जायची, ओरखडे घेऊन परत यायची आणि तरी चालायची. आज माझ्या लायब्ररीत शेकडो खेळ आहेत, पण त्यातला एकही मी भाच्याला "घे, आता हा तुझा" म्हणून देऊन टाकू शकत नाही.

२००४ मध्ये हाफ-लाइफ २ आला तेव्हा खोका विकत घेऊनही स्टीम या ऑनलाइन खेळांच्या दुकानाचं खातं काढावं लागायचं. त्यावर लोक केवढे चिडले होते! आता त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. स्टीमने चांगलंही केलंय. २०१५ पासून, घेऊन चौदा दिवस झाले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. पूर्वी एकदा सील फोडलं की विषय संपला. पण हक्क मात्र आपण कधी सोडून दिला ते कळलंच नाही.

तुमचे अनुभव लिहा. मोठं-छोटं काहीही चालेल.

घुबड

वाचतोय. इकडे अपडेट चालू आहे, संपलं की लिहितो.

अर्धी रात्र

मुलं झोपली की मला तासभर मिळतो. त्या तासात काय काय होतं सांगते. स्टीम उघडा. खेळ सुरू करा, तर तो आधी स्वतःचा वेगळा लाँचर, म्हणजे खेळ सुरू करून देणारा प्रोग्रॅम, उघडतो. लाँचरला आधी स्वतःचं अपडेट हवं. मग पासवर्ड, मग ईमेलवर कोड. मग नव्या अटी, त्या शेवटपर्यंत स्क्रोल केल्याशिवाय बटण दाबता येत नाही. मग नव्या सीझनची (ठरावीक काळापुरत्या नव्या भागाची) जाहिरात. या सगळ्यातून आत गेलं की रोजची कामं समोर: आज अमुक इतके शत्रू मारा, आज हजेरी लावा, सलग हजेरी मोडली तर बक्षीस गेलं.

रोजची कामं मला घरात आहेत हो. खेळात मी कुणाला बांधलेली नसावी, म्हणून तर खेळते. एक खेळ मनापासून आवडायचा. घरात आजारपण होतं तेव्हा महिनाभर उघडला नाही. परत गेले तर त्या सीझनची गोष्टच काढून टाकलेली. पुन्हा कधी मिळणार नाही म्हणे. कादंबरीची मधली पानं फाडून नेल्यासारखं वाटलं. पुढे खेळावंसंच वाटेना.

बाळ उठलं, येते.

सांजवारा

+१ लाँचर. एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा.

घुबड

अपडेट झालं. आता 'शेडर तयार होत आहेत, कृपया थांबा'. हे काय असतं कुणी सांगेल का? गेल्या आठवड्यातही हेच झालं होतं.

खटपट्या

घुबड, सांगतो. पडद्यावर सावली कशी पडावी, पाणी कसं चमकावं हे ग्राफिक्स कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम म्हणजे शेडर. ते शेवटी त्या त्या कार्डाच्या भाषेत उतरवावे लागतात. कन्सोलमध्ये (प्लेस्टेशनसारख्या खेळाच्या यंत्रात) सगळ्यांकडे एकच चिप, त्यामुळे कंपनी ते आधीच उतरवून देते. पीसीत प्रत्येकाचं कार्ड वेगळं, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) वेगळा, म्हणून ते काम तुझ्या मशीनवर होतं. तू नवीन ड्रायव्हर टाकला असशील, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

आणि खरं सांगू का, हे थांबायला लावणारे खेळ बरे. जे थांबायला लावत नाहीत ते खेळता खेळता शेडर उतरवतात. पहिला स्फोट होतो आणि चित्र क्षणभर गोठतं. दार उघडलं, गोठलं. नवा शत्रू आला, गोठलं. मी नवीन कार्ड घेतलं ते हे जाईल या आशेने. गेलं नाही. कारण दोष कार्डाच्या ताकदीत नव्हताच. डायरेक्टएक्स १२ (खेळ आणि कार्ड यांच्यामधला विंडोजचा दुवा) पासून ड्रायव्हर जे पडद्यामागे सांभाळून घ्यायचा त्यातलं बरंचसं खेळ बनवणाऱ्याच्या अंगावर आलं, आणि त्या कामाला वेळ कुणी देत नाही. स्टीम डेकवर (स्टीमचा हातात धरून खेळायचा पीसी) हा त्रास कमी, तिथे पुन्हा सगळ्यांचं हार्डवेअर एकच, त्यामुळे तयार शेडर आधीच डाउनलोड होतात.

दुसरा राग फ्रेम जनरेशनचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स आला. त्याच्या शिफारस केलेल्या हार्डवेअरवर १०८० पिक्सेल आणि सेकंदाला ६० फ्रेम मिळणार, पण फ्रेम जनरेशन चालू ठेवून, असं कंपनीनेच लिहिलं होतं. म्हणजे मधल्या फ्रेम कार्डाने अंदाजाने रंगवलेल्या. डोळ्यांना गुळगुळीत दिसतं, पण बटण दाबल्यावर हाताला जो उशीर जाणवतो तो तसाच राहतो. चांगल्या खेळाला आणखी चांगलं करायला काढलेली सोय आता खेळ धड चालावा म्हणून वापरतात.

रानवाट

खटपट्या, पहिल्यांदाच नीट समजलं. धन्यवाद.

पाऊलखूण

रानवाट, तुमच्या भाच्याच्या प्रश्नावरून लिहितोय.

बाबा निवृत्त झाल्यावर मी त्यांना एक ऑनलाइन शेतीचा खेळ शिकवला. आधी माऊस धरायलाही नाराज असायचे. मग असे रमले की सकाळी उठून पहिलं काम ते. विहीर, गोठा, गोठ्यामागे फुलझाडांच्या रांगा, सगळं रंगाप्रमाणे लावलेलं. शेजारचं शेत माझं होतं, ते कायम उजाड. माझ्या नकळत येऊन पाणी घालून जायचे. ते गेल्यानंतर मी त्यांच्या शेतावर जाऊन नुसता उभा राहायचो. एक दिवस ईमेल आलं, अमुक तारखेला सर्व्हर बंद, आजवरच्या साथीबद्दल आभार. त्या तारखेनंतर काही उरलं नाही. ते शेत आमच्या कॉम्प्युटरवर नव्हतंच कधी.

कंपनीला तोटा होत असेल, मान्य. सर्व्हर जन्मभर चालवा असं माझं म्हणणं नाही. जाताना ती फाइल माझ्या हातात दिली असती तर काय बिघडलं असतं?

अर्धी रात्र

पाऊलखूण, वाचून गलबलून आलं. पाणी घालून जायचे हे वाचल्यावर पुढचं दिसेना.

सांजवारा

काका ग्रेट होते. फुलझाडं रंगाप्रमाणे!

वेताळ

पाऊलखूण, तुम्ही मागताय तीच मागणी घेऊन मोठी चळवळ उभी राहिली आहे. युबीसॉफ्टचा द क्रू हा खेळ २०१४ चा. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागही त्याबरोबर गेला. पुढे लोकांच्या खात्यातून लायसन्सही काढून घेतलं. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' सुरू केलं. युरोपियन युनियनमधल्या त्यांच्या याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. मागणी साधी आहे: पाठिंबा थांबवताना खेळ चालू शकेल अशा अवस्थेत सोडून जा. आणि कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे, दुकानाने 'खरेदी' म्हणताना तुम्ही फक्त लायसन्स घेताय हे स्पष्ट सांगायचं. सांगितल्याने मालकी मिळत नाही, पण निदान खोटं तरी बोलत नाहीत.

माझं स्वतःचं दुखणं अँटी-चीट, म्हणजे खेळात फसवणाऱ्यांना पकडणारा प्रोग्रॅम. गोळीबाराच्या एका खेळाने सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) चालू करा म्हणून अडवलं. बायोसमध्ये, मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन केलं, तर मशीनच उठेना. अख्खा रविवार त्यात गेला. खेळासोबत येणारा प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये जाऊन बसतो, माझ्या बँकेच्या व्यवहारांपासून फोटोंपर्यंत सगळं ज्या मशीनवर आहे तिथे. फसवणारे नकोत हे मलाही कळतं, त्यांच्यामुळे खेळाचा विचका होतो. पण एवढा विश्वास मागायचा तर बदल्यात थोडी जबाबदारीही घ्या. लिनक्सवाल्यांना तर दारच बंद. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर आणि स्टीम डेकवर उत्तम चालायचा, ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी तो पाठिंबाच काढून घेतला.

कडेलोट

सगळ्यांशी सहमत, पण पूर्वी सगळं छान होतं हे मी नाही मानणार. २००८ मध्ये स्पोर हा खेळ आला तेव्हा तीन वेळा इन्स्टॉल करा, मग आम्हाला विचारा, असा नियम होता. आरडाओरडा झाल्यावर तीनाचे पाच केले. ऑब्लिव्हियन या खेळातल्या घोड्याचं चिलखत २००६ चं, त्याचे वेगळे पैसे होते. पैसे उकळायची सुरुवात कालची नाही. आणि सीडीवर बग आला तर तो बग जन्माचा सोबती, कारण पॅच उतरवायला धड नेट कुणाकडे होतं? माझ्या एका खेळाचा शेवटचा टप्पा क्रॅश व्हायचा. त्याचा शेवट मी कित्येक वर्षांनी यूट्यूबवर बघितला.

फरक मला एकच वाटतो. तेव्हा वाईट खेळही आपल्याकडे राहायचा. २०१४ मध्ये गेमस्पाय ही अनेक खेळांना ऑनलाइन जोडणारी सेवा बंद झाली, तेव्हा ज्या खेळांना स्वतःचा सर्व्हर चालवायची सोय होती ते लोकांनी जगवले. आता ती सोयच देत नाहीत.

सांजवारा

शेवटचा परिच्छेद +१००

ताम्हण

मी खेळत नाही, मुलगा खेळतो. खेळ फुकट आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो. मग रोज नव्या पोशाखाचा हट्ट. रागावले तर रडत म्हणाला, साधा पोशाख घालून खेळलं की वर्गातली मुलं चिडवतात, गटात घेत नाहीत. मला वाटलं होतं हा हावरट झालाय. तो एकटा पडला होता. दुकानाच्या पानावर घड्याळ उलटं चालू असतं, इतक्या तासांत घ्या नाहीतर गेलं. मोठ्या माणसाला घाई करायला लावणारी युक्ती दहा वर्षांच्या पोरावर वापरतात याचा मला फार राग येतो. पेट्या उघडून नशिबाने वस्तू मिळायचा प्रकार बेल्जियमने २०१८ मध्ये जुगारात मोजला असं वाचलं, बरं वाटलं. इथे कुणी पालक आहेत का? तुम्ही काय करता?

अर्धी रात्र

ताम्हण, माझी अजून लहान आहेत, पण भाचीच्या बाबतीत वहिनीने एक केलं. तिच्यासोबत बसून खेळायला लागली. वहिनीला कळलं की भाचीला पोशाखापेक्षा सोबत कुणी असणं हवं होतं. सगळं सुटलं नाही, पण हट्ट बराच कमी झाला. कार्ड मात्र खात्यातून आधी काढून टाका.

सहावा मजला

थोडं आतल्या बाजूचं. मी काही वर्षं खेळांच्या टेस्टिंगमध्ये होतो, आता दुसऱ्या क्षेत्रात आहे. पहिल्या दिवशी तुम्हाला दिसणारा बग आम्ही बहुतेक वेळा कित्येक महिने आधी नोंदवलेला असतो. तो पुन्हा घडवून दाखवायच्या पायऱ्यांसकट, व्हिडिओसकट. त्यावर शेरा येतो, 'माहीत आहे, नंतर बघू'. कारण तारीख तिमाहीच्या हिशोबाने ठरलेली असते आणि ती ठरवणारा माणूस कधी खेळ उघडून बघत नाही. सायबरपंक २०७७ दहा डिसेंबर २०२० ला आला आणि आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. तेव्हा शिव्या कुणी खाल्ल्या? ज्यांनी रात्री जागवल्या त्यांनी.

आमचा खेळ बाहेर आला आणि थोड्याच दिवसांत निम्मी टीम घरी. जे आधी गेले होते त्यांची नावं श्रेयनामावलीतही नव्हती. माझ्या एका सहकारीणीने त्या खेळातला पाऊस केला होता. फक्त पाऊस, छपरावर वेगळा, पानांवर वेगळा, लोखंडी जिन्यावर वेगळा. तिचं नाव कुठेही नाही. खेळ चालला तरी नोकरी राहते असं नाही. हाय-फाय रश २०२३ मध्ये आला, वाखाणला गेला, आणि मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारा टँगो गेमवर्क्स बंद करायचं जाहीर केलं. नंतर क्राफ्टन या दुसऱ्या कंपनीने तो घेतला म्हणून वाचला.

म्हणून विनंती, बग दिसला तर कंपनीवर जरूर तुटून पडा, पण ट्विटरवर शोधून एखाद्या प्रोग्रॅमरला शिव्या घालू नका.

पाऊलखूण

पाऊस करणाऱ्या ताईंना सांगा, असे पाऊस थांबून ऐकणारे लोक आहेत.

सहावा मजला

नक्की सांगतो. आजच सांगतो.

घुबड

शेडर झाले. आता झोप आली. शुभरात्री मंडळी.

खटपट्या

घुबड, पुढचा ड्रायव्हर येईपर्यंत आता निवांत.

निळी शाई

अवांतर: चाळिशीनंतर खेळणाऱ्यांचा एक प्रश्न कुणीच मांडला नाही. अक्षरं! सोफ्यावरून तर सोडाच, मॉनिटरला नाक लावलं तरी सबटायटल वाचता येत नाहीत. सेटिंगमध्ये लहान, मध्यम, मोठं असतं, आणि मोठं म्हणजे मुंगीऐवजी मुंगळा. शिवाय मी डावखुरी. माऊस डाव्या हातात, मग उजव्या हाताला बाणांच्या कळा लागतात. काही खेळ कळा बदलू देतात, पण मेनूमध्ये मात्र जुन्याच कळा चालतात. खेळता येतं, सामान उचलता येत नाही.

कडेलोट

निळी शाई, मीपण डावखुरा! मी सवय करून घेतली, माऊस उजव्या हातात. पण मनगट दुखतं.

निळी शाई

मनगटासाठी माऊसची उंची बघा. हात टेबलाच्या कडेवर टेकत असेल तर खुर्ची वर घ्या. मला त्यानेच फरक पडला.

सांजवारा

सगळे रडतोय तर एक चांगलं पण लिहितो. स्टारड्यू व्हॅली एरिक बॅरोनने एकट्याने बनवला, २०१६ मध्ये आला, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं त्यात भर घालतोय, ज्यादा पैसे न घेता. नेट लागत नाही. पाऊलखूण, तो शेतीचाच खेळ आहे आणि सेव्ह फाइल आपल्याच मशीनवर राहते. तुम्हाला खेळावासा वाटेल की नाही माहीत नाही, पण सुचवावंसं वाटलं.

पाऊलखूण

नाव ऐकलं होतं, हिंमत होत नव्हती. आता उतरवतो. गॉगवर, त्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात, आहे का?

सांजवारा

आहे. तिथून घेतला तर इन्स्टॉलरची फाइलच मिळते, डीआरएम (कॉपी रोखणारं कुलूप) नाही. पेनड्राइव्हवर ठेवा.

रानवाट

हे भारी. मग भाच्यासाठी पण तिथूनच घेतो. त्याला गाड्या हव्यात पण. नेट न लागणारा, दोघांनी एकाच पडद्यावर खेळायचा गाड्यांचा खेळ कुणी सांगेल का? लॅपटॉप जुना आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

खटपट्या

सुपरटक्सकार्ट बघा. फुकट, मुक्त स्रोत, एकाच पडद्यावर दोघं खेळतात, जुन्या लॅपटॉपवर चालतो. रॅम किती आहे?

रानवाट

४ जीबी. चालेल ना?

खटपट्या

चालेल. ग्राफिक्स खालच्या पातळीवर ठेवा. दोन कंट्रोलर आहेत का कीबोर्डवरच?

रानवाट

एक कंट्रोलर आहे, तो भाचा सोडणार नाही. मी कीबोर्डवर.